सकाळी वाचलेलं वचन दहा वाजेपर्यंत पण टिकत नाही, तुम्ही रोजच्या जगण्यात बायबल कसं आणता?

म्हापशाची_सून
नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय इथे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर बेळगावचं, घरात सगळं मराठीतच, प्रार्थना पण आणि बायबल पण. लग्न होऊन म्हापशात आले त्याला अकरा वर्षं झाली. इथे मिस, म्हणजे चर्चमधली उपासना, कोंकणीत, पुस्तकं रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजीसारख्या अक्षरांत. ऐकलेलं आता सगळं कळतं पण वाचताना अजून अडखळायला होतं, म्हणून पप्पांनी दिलेलं मराठी बायबलच उशाशी ठेवते. नवरा तारवार, म्हणजे जहाजावर, नऊ महिने बाहेर. सासूबाईंना फेब्रुवारीत स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, बोलणं पण जड झालंय, तेव्हापासून खाटेवरच आहेत. मी एका फार्मसीत काउंटरला आहे, सकाळी साडेनऊ ते दीड आणि परत चार ते आठ, मधल्या वेळात घरी येऊन त्यांचं जेवण आणि कूस बदलणं. दोन्ही शिफ्टला शेजारच्या आंटी बसतात त्यांच्याजवळ. मुलगी तिसरीत.

तर प्रश्न असा की पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हॉर्न वाजायच्या आधी उठून मी रोज एक वचन वाचते, ग्रुपवर पण येतं एखादं फुलांच्या फोटोवर लिहिलेलं, ते वहीत उतरवते, दोन वह्या भरल्या. पण दहा वाजता काउंटरवर कोणीतरी चिठ्ठी नसताना अँटिबायोटिक द्या म्हणून आवाज चढवतो आणि सकाळचं वचन कुठल्या कुठे जातं, आठवत पण नाही काय होतं ते.

आणि दुसरी गोष्ट जी मी कोणाला सांगितली नाहीये. फ्रिजवर मॅग्नेट आहे, फिलिप्पैकरांस ४:१३, "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे." मागच्या आठवड्यात रात्री दोन वाजता सासूबाईंची चादर दुसऱ्यांदा बदलली, पाणी प्यायला किचनमध्ये आले, लाइट लावला आणि समोर ते "सर्वकाही". खाली लादीवर बसून रडले मी. मला नाही जमत सर्वकाही. ज्या वचनाने धीर यायचा तेच परीक्षेचा पेपर वाटायला लागलं आणि त्यात मी नापास.

वर भेटायला येणारी माणसं म्हणतात देव सगळं भल्यासाठीच करतो. खरं असेल, पण त्या क्षणी ऐकवत नाही.

सगळ्यात चांगलं वचन कोणतं असं मी विचारत नाहीये. विचारायचं हे आहे की तुम्ही वाचता कसं, म्हणजे वेळेला हाताशी येईल असं?

वसई_ते_मडगाव
अगं ताई, आधी एक सांगते, तू नापास वगैरे काही नाहीस. मी पण वसईची, लग्नानंतर गोव्यात सालसेतमध्ये आले, मराठीत प्रार्थना केल्याशिवाय मला पण चैन पडत नाही, त्यामुळे तुझं ते उशाशी ठेवणं बरोब्बर कळलं.

मी दर रविवारी मुलांना दोत्रीन, म्हणजे धर्मशिक्षण शिकवते म्हणून हे वचन बऱ्याच वेळा हाताखालून गेलंय. तू आज रात्री एक कर, फक्त १३ वी ओवी वाचू नकोस, ११ पासून १४ पर्यंत वाच. पौल फिलिप्पैच्या लोकांना हे पत्र बेड्यांमध्ये असताना लिहितोय, पहिल्याच अध्यायात त्याने ते सांगितलंय. ११ आणि १२ मध्ये तो म्हणतो की मी शिकलोय, भरपूर असलं तरी कसं राहायचं आणि उपाशी असलं तरी कसं राहायचं. "शिकलोय" हा शब्द बघ, म्हणजे आधी येत नव्हतं. मग १३ मध्ये ते "सर्वकाही" येतं, तर सर्वकाही म्हणजे काय, तर भरलेलं ताट आणि रिकामं ताट, दोन्ही दिवस निभावणं. दोन माणसांचं काम एकटीने करणं असं त्यात कुठेच नाहीये.

आणि आता १४ वी बघ. मॅग्नेटवर ती कोणी छापत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. त्यात तो लगेच म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे बरं केलंत. पुढे चार ओळींवर सांगतो की एपफ्रदीताच्या हातून तुम्ही पाठवलेलं सगळं मला मिळालं. मी सर्वकाही करू शकतो म्हणणारा माणूस पुढच्याच श्वासाला मदत घेतो आणि आनंदाने घेतो, लाजत नाही. मला हे समजलं तेव्हा माझा धाकटा सहा महिन्यांचा होता आणि मी जाऊबाईंना एक दिवस पण धर म्हणाले नव्हते, कारण मला वाटायचं विश्वास असलेल्या बाईने सगळं स्वतः केलं पाहिजे.

तुझ्या मदतीला कोण आहे? आंटी सोडून. नणंद, दीर, कोणी? हे आधी सांग, वचनं कुठे जात नाहीत.

वह्यांचं म्हणशील तर रोज नवीन वचन घेऊ नकोस. आठवड्याला एक पुरे, आणि ते एका कामाला बांध. माझं भांड्यांना बांधलेलं असतं. साबण हातात घेतला की तेच, सात दिवस तेच. वाचून नाही टिकत, घासून घासून टिकतं.

म्हापशाची_सून
१४ वी आत्ताच काढून वाचली. अकरा वर्षांत कितीदा हे पान उघडलं असेल पण माझी नजर तिथे कधी गेलीच नाही. नणंद आहे, पर्वरीला. तिला दोन लहान मुलं आहेत म्हणून मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिने स्वतःहून म्हणावं असं मला वाटत होतं.

टिपरवाला_सांगे
ताई, मी ख्रिश्चन नाही. पण एका वचनावर माझं घर उभं आहे म्हणून लिहितो, चालेल ना?

माझे दोन टिपर होते, खाणीवर. एक बापाच्या नावावर, एक कर्जाचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, सुप्रीम कोर्टाचा आदेश आला ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमका पावसाळा संपून सीझन सुरू व्हायच्या वेळी. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना माहीत आहे, आमच्याकडे रस्त्यावर ट्रकच्या लाइनी असायच्या जेटीपर्यंत, धूळ, आवाज, आणि एका दिवसात सगळं चिडीचूप. टिपर अंगणात. ताडपत्री घातली आणि वाट बघायला लागलो. नाक्यावर रोज कोणतरी बातमी आणायचा की पुढच्या महिन्यात सुरू होतंय, माझ्या ओळखीच्या माणसाने पणजीत ऐकलं. गणेश चतुर्थीनंतर, दिवाळीनंतर, असं करत करत वर्षं गेली. मधे थोडं सुरू पण झालं, आम्ही परत टायर घातले नवीन, आणि २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, मार्चमध्ये परत बंद. त्या टायरचे पैसे अजून आठवतात.

आमच्या वाड्यावर एक म्हातारे ख्रिस्तांव मास्तर होते, शाळेत मला गणित शिकवलेलं. ते एकदा संध्याकाळी आले आणि अंगणात टिपरच्या सावलीत बसले. माझ्या मोबाइलवर कोणीतरी पाठवलेलं ते फेमस वचन होतं, यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत, तसं काहीतरी. मी त्यांना दाखवलं, म्हटलं मास्तर तुमचा देव म्हणतो चांगलं होणार, म्हणजे खाणी सुरू होणार. ते हसले नाहीत. म्हणाले, हे कोणाला लिहिलंय माहीत आहे तुला?

मग त्यांनी सांगितलं. यरुशलेमची माणसं बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला पकडून नेलेली, घरदार गेलेलं. इकडे यरुशलेमात हनन्या नावाचा एक संदेष्टा सगळ्यांना सांगत होता, घाबरू नका, दोन वर्षांत सगळं परत येतंय. लोकांना ते आवडलं, का नाही आवडणार. आणि यिर्मया, जो खरा होता, त्याने पत्र लिहून कळवलं की दोन वर्षं नाही, सत्तर. घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांचं खा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहराचं भलं बघा. हे पाचव्या ओवीपासून आहे. सत्तरचा आकडा दहाव्या ओवीत आहे. आणि त्याच्या लगेच नंतर ती अकरावी, जी माझ्या मोबाइलवर होती.

मास्तर म्हणाले, तुझ्या नाक्यावर सगळे हनन्या बसलेत रे.

मी त्या रात्री झोपलो नाही. राग आला होता त्यांचा, खरं सांगतो. पण आठवड्याने टिपरवरची ताडपत्री काढली आणि एक टिपर विकला, भाव अगदी पडेल मिळाला कारण सगळेच विकत होते. आमची वडिलोपार्जित थोडी जागा आहे नाल्याच्या बाजूला, आजोबांच्या वेळचं कुळागर, खाणीचे पैसे येत होते तेव्हा आम्ही तिकडे ढुंकून बघत नव्हतो, रान माजलेलं. ते साफ केलं. माड, केळी, पोफळीवर मिऱ्याच्या वेली. केळी वर्षभरात देते, पण नवीन पोफळ लावली की सहा-सात वर्षं नुसतं पाणी घालत राहायचं. लावताना भाऊ म्हणाला सात वर्षं कोण थांबणार. मी म्हटलं अंगणात ट्रक ठेवून सहा थांबलोच की.

आज ती पोफळ देते.

आता तुम्ही विचारलंय कसं वाचता, तर मी एवढंच सांगू शकतो की एखादं वचन आवडलं की मी वर सरकतो, पाच-सहा ओव्या वर, कोणाला सांगितलंय आणि त्या माणसाची त्या दिवशी काय हालत होती ते बघतो. बहुतेक वेळा तिथेच माझ्यासाठी काहीतरी काम लिहिलेलं असतं. सासूबाई लवकर बऱ्या होवोत. पण होईपर्यंतच्या दिवसांसाठी पण काहीतरी लावून ठेवा ताई.

रात्रपाळी
मी नर्स आहे, पंधरा वर्षं झाली. ताई तुझं सगळं वाचलं आणि मला आधी वचन नाही सुचलं, आधी सुचलं की ही बाई झोपते किती?

१ राजे १९ वाच. एलीया. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी आणलेला माणूस, आणि ईजबेल राणीने निरोप पाठवला की तुला मारते, तर जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं देवा, आता माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा! आणि देवाने काय केलं? भाषण नाही दिलं. तो झोपला, देवदूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी होता. खाल्लं, परत झोपला. दुसऱ्यांदा उठवलं, परत खायला दिलं, आणि म्हणाला खा, कारण तुला प्रवास फार आहे. दोनदा झोप, दोनदा जेवण. नंतर चाळीस दिवस चालून होरेबला गेल्यावर मग बोलणं झालं त्यांचं, आणि ते पण वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नाही, हळू आवाजात.

मी वॉर्डात नातेवाईक बघते ना, तीन तीन रात्री खुर्चीवर काढलेले, आणि मग एकदम कोसळतात, रडतात, देवावर ओरडतात, आणि नंतर त्यांना अपराधी वाटतं. मी त्यांना चहा-पाव आणून देते आणि म्हणते दोन तास झोप, मी आहे इथे. विश्वास कमी पडलाय असं त्यांना वाटतं पण बऱ्याचदा झोप कमी पडलेली असते.

आणि ते सगळं भल्यासाठीच म्हणणारे. ते वचन खोटं नाहीये, रोमकरांस ८:२८, पण त्याच पत्रात १२ व्या अध्यायात लिहिलंय की रडणाऱ्यांबरोबर रडा, ते कोणी करत नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र बघ, त्याची हालत बघून सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. नंतर तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय त्याला शहाणपण शिकवत राहिले, शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. पुढच्या वेळी कोणी आलं आणि तसं म्हणालं तर त्यांना म्हण, आंटी बसा जरा, आईंचा हात धरा, मी तेवढ्यात आंघोळ करून येते.

कुशीचं एक, दर दोन तासांनी बदलत असशील तर रात्री एअर मॅट्रेस लावता येतो का ते डॉक्टरांना विचार, भाड्याने पण मिळतो, तुझी झोप थोडी सलग होईल. आणि कमरेच्या खाली, टाचांना लालसर दिसतं का रोज बघ.

मालाचं_दुकान_फोंडा
मी रोज तारखेप्रमाणे नीतिसूत्रे वाचतो. ३१ अध्याय आहेत, आज १५ तारीख तर १५ वा अध्याय, काही शोधायला नको, खूण ठेवायला नको, चुकलं तर चुकलं उद्या उद्याचा. काउंटरवाल्यांसाठी १५ तारीख स्पेशल कारण पहिलीच ओवी आहे, "मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते." मी हिंदू आहे, दुकानात देव्हारा आहे, पण ही ओवी गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलीय जिथे फक्त मला दिसते. गिऱ्हाईक तापलं की मी गल्ला उघडतो, सुट्टे शोधल्यासारखं करतो, वाचतो, मग उत्तर देतो. चार सेकंद लागतात. त्या चार सेकंदांत खूप भांडणं वाचलीत माझी.

काउंटरवर मोबाइल काढता येत नाही, वही पण नाही. ड्रॉवरच्या आत चिकटवा.

आजोबा_वास्को
मुली, मी बंदरात क्रेनवर होतो, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. वरचे सगळे लोक शिकलेले आहेत, वर सरका, खाली सरका, कोणाला लिहिलं बघा म्हणतात. चांगलं आहे. पण मला थोडं वेगळं वाटतं ते सांगतो, राग मानू नका कोणी.

माझी आई सावंतवाडीकडची, अंगठेबहाद्दर. बायबल तिला वाचता यायचं नाही. बाबेल कुठे आणि फिलिप्पै कुठे, काही माहीत नव्हतं. तिला तेविसावं स्तोत्र पाठ होतं, मिशनच्या बाईंनी लहानपणी शिकवलेलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." रात्री कंदील बारीक केला की ती म्हणायची, आणि आम्ही पाच भावंडं झोपायचो. घरात उणं काय कमी होतं? सगळंच उणं होतं. बाप दारू प्यायचा. तरी ती म्हणायची. ती कधी थांबून अर्थ सांगत बसली नाही. आणि मी क्रेनवर साठ-सत्तर फूट वर एकटा असायचो, पावसात काच दिसत नसायची, तेव्हा माझ्या तोंडात आपोआप तेच यायचं, आईच्या चालीत. मी ते शिकलो असं पण म्हणता येणार नाही, अंगात मुरलं होतं.

म्हणून माझं म्हणणं की एवढी चिरफाड नको. एकच धर, मोठ्याने म्हण, रोज त्याच वेळी. कळलं नाही तरी चालेल.

वसई_ते_मडगाव
आजोबा, राग कसला, तुमचं वाचून डोळे भरले. आठवड्याला एक मी म्हणाले तेच तुमच्या आईने जन्मभर केलं. फक्त एक सांगू का, तेविसाव्या स्तोत्रात एक गोष्ट आहे जी तुमच्या आईच्या कानाला नक्की माहीत असणार, वाचता येत नसलं तरी. सुरुवातीला सगळं "तो" आहे, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला पाण्यावर नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. आणि चौथ्या ओवीत मृत्युछायेची दरी येते, तिथे एकदम "तू" होतं, कारण तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाबद्दल बोलत होता, अंधारात शिरल्यावर देवाशी बोलायला लागला. मुलांना मी हे म्हणताना हात करून दाखवायला लावते, आधी वर बोट, मग समोर.

आजोबा_वास्को
साठ वर्षं म्हणतोय, हे कधी लक्षात आलं नाही. आत्ता म्हणून बघितलं. आई तिथे आवाज खाली आणायची. मला वाटायचं आम्हाला झोप लागावी म्हणून.

माझे शब्द मागे घेतो मुली, सरक वर-खाली.

पोथीवाला
थोडं बाजूचं आहे पण ताईंनी मराठीत प्रार्थना करण्याचं लिहिलंय म्हणून सांगावंसं वाटलं. गोव्यात मराठीत बायबलच्या गोष्टी वाचणं हे काही बाहेरून आलेलं नाहीये, इथलंच आहे. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचे जेझुइट, १५७९ ला गोव्यात आले आणि जन्मभर इथेच, बरीच वर्षं सालसेतमध्ये राहिले, त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली सालसेतमधल्याच रायतुरला छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत, अक्षरं मात्र रोमी. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना आपल्या भाषेत, आपल्या चालीत काहीतरी ऐकायला हवं होतं, म्हणून ते लिहिलं. सुरुवातीलाच मराठीचं कौतुक आहे, फुलांत मोगरा तशी भाषांत मराठी. १६४९ आणि १६५४ मध्ये परत छापलं.

म्हणजे ताई, तुम्ही रोमी अक्षरात अडखळता आणि मराठी उशाशी ठेवता, हे दोन्ही एकाच पुस्तकात चारशे वर्षांपूर्वी याच मातीत होऊन गेलंय. तुम्ही इथे परक्या नाही. माझी आजी डिचोलीला हरिपाठ म्हणायची ते पण वाचून नाही, तोंडानेच. ओवी तोंडी बसायलाच असते. त्यामुळे आजोबांचं मला फार पटलं.

म्हापशाची_सून
बारा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला, पण सगळं दोनदा-तीनदा वाचलं. सगळ्यांना देव बरें करूं.

काय काय झालं ते सांगते. नणंदेला फोन केला. आधी तीनदा नंबर लावून कट केला, मग चौथ्यांदा बोलले, म्हटलं मला एकटीला होत नाहीये. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, वहिनी मला वाटायचं तुम्हाला माझं केलेलं आवडणार नाही, तुमचं सगळं इतकं नीट असतं. आता बुधवारी आणि शनिवारी रात्री ती येते मुलांना घेऊन. पहिल्या शनिवारी मी सलग सात तास झोपले. रविवारी उठले तर पाव येऊन, सगळ्यांचा चहा होऊन गेलेला आणि मला कोणी उठवलं नव्हतं. एलीया आठवला.

मॅग्नेट काढला नाही. त्याच्याखाली मुलीच्या स्केचपेनने १४ वी लिहून चिकटवली.

फार्मसीत ड्रॉवरच्या आत लावलंय मृदू उत्तर. दोनदा कामाला आलं, एकदा नाही आलं, बोलले मी त्या माणसाला. नंतर तो परत आला तेव्हा सॉरी म्हटलं.

टिपरवाल्या दादांचं वाचून डॉक्टरांना स्पष्ट विचारलं किती दिवस. ते म्हणाले, महिने लागतील, बोलणं सुधारेल, हाताचं सांगता येत नाही. ऐकून वाईट वाटलं पण रोज सकाळी आज हलेल का हात म्हणून बघायचे ते थांबलं. त्यांची खाट खिडकीजवळ घेतली, बाहेर कुंड्यांत मिरची आणि तुळस लावलीय, पाणी घालताना त्या बघतात.

आता एक अडचण. मी रात्री तेविसावं म्हणते त्यांच्याजवळ बसून, मराठीत, पहिल्या रात्री बोट वर आणि मग समोर केलं तर त्यांनी माझं बोट धरलं डाव्या हाताने. पण त्यांची ती कोंकणीतली प्रार्थना आहे, मराठीत त्यांना ओळख पटते पण तोंड हलत नाही. देवनागरीत छापलेली कोंकणी स्तोत्रं कुठे मिळतील का? रोमीतलं घरात आहे, त्यांचंच, पण मी वाचायला लागले की लहान मुलासारखं अक्षर अक्षर होतं.

रात्रपाळी
मग तेच वाच ना गो. अडखळत वाच. स्ट्रोकच्या पेशंटला पाठ असलेली प्रार्थना, पाठ असलेलं गाणं कधी कधी साध्या बोलण्यापेक्षा आधी येतं तोंडात, मी वॉर्डात बघितलंय. तू चुकलीस तर त्या सुधारायला जातील. स्पीच थेरपिस्टला पण सांग की घरी हे करतोय.

म्हापशाची_सून
आज वाचलं. रोमीतलं, त्यांच्याच पुस्तकातून, बत्ती लावून. पहिल्याच ओळीत "गोंवळी" हा शब्द मी चुकीचा म्हटला, मेंढपाळ हो, इथे गोंवळी म्हणतात. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी परत म्हटलं, परत नाही. मग त्यांनी स्वतः म्हटला, अर्धाच आला, "गोंव" एवढाच, पण माझ्यापेक्षा बरोबर.